बोर्ड बदलला तर विंडोजचं काय?

प्रश्न : दुकानातून विंडोजसह घेतलेल्या संगणकाचा मदरबोर्ड बदलून वेगवान बोर्ड घालायचा आहे. जुना परवाना चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : माझ्याकडे कुणी असा संगणक आणला की मी आधी बिल मागतो, परवाना कोणत्या प्रकारचा ते पाहायला. रॅम, एसएसडी खुशाल बदला, परवान्याला धक्का लागत नाही. पण संगणकासोबत आलेला परवाना बहुधा ओईएम (संगणक बनवणाऱ्याने त्याच संगणकासाठी दिलेला) असतो, तो त्या बोर्डाशीच बांधलेला. (वॉरंटीत कंपनीनेच बोर्ड बदलून दिला, तर गोष्ट निराळी.) स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र नव्या बोर्डावर नेता येतो, जुना बोर्ड काढण्याआधीच तो मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. चारपाचशे रुपयांची ‘की’ (विंडोज सक्रिय करण्याचा सांकेतिक क्रमांक) कृपया घेऊ नका. त्यांतल्या कित्येक संस्थांच्या व्हॉल्यूम परवान्यातल्या (एकगठ्ठा अनेक संगणकांसाठी घेतलेल्या) असतात, कधीही बंद पडतात.