खमंग वास सुटला म्हणजे चिकन शिजलं का? आणि औषधाला दाद न देणारे जंतू शिजवून मरतात का?

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलोय आणि अशाच एका जंतूने मला आठ दिवस झोपवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वासाचं बघू. कच्च्या मटणाला थोडा रक्ताचा, लोखंडासारखा वास सोडला तर फार काही नसतं, खरा वास आचेवर तयार होतो. जनावराच्या स्नायूंना ताकद देणारं एटीपी असतं ना, ते कापल्यानंतर मोडत जातं आणि त्यातून रायबोज नावाची साखर सुटते. तिच्या जोडीला असतं सिस्टीन, म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल. हे दोघं तापले की मायार रिअ‍ॅक्शन होते (फ्रान्सच्या लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडलेली, भाकरीवर तपकिरी डाग पडतात त्यातही तीच) आणि त्यातून २-मिथाइल-३-फ्युरानथायॉल तयार होतं. हे इतकं जबर की नाममात्र असलं तरी नाक लगेच ओळखतं, मांसाचा म्हणून जो वास आपण म्हणतो तो बराचसा याचाच. मग बोकडाचं की कोंबडीचं हे कळतं कशावरून, तर चरबीवरून. बोकड-मेंढीच्या चरबीत ४-मिथाइलऑक्टॅनॉइक सारखी आम्लं असतात, तो उग्रपणा त्यांचा.

आता मुद्दा असा की भाजलेल्याचा वास येतो वरच्या थरातून. पाणी उडालं की वरचा भाग १४० अंशांच्याही पुढे जातो आणि घरभर घमघमाट सुटतो, पण तेव्हा लेग पीसच्या हाडाजवळ ५०-६० अंशच असू शकतात. म्हणून तंदुरीच्या वासावर विश्वास ठेवू नका. रस्सा बराच वेळ रटरटतो त्यामुळे तिथे ही काळजी कमी.

जंतूंचं म्हणाल तर औषधाला दाद न देणं वेगळं आणि आचेला दाद न देणं वेगळं. अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्या ठराविक जागी घाव घालतं, जंतू ती जागा बदलतो किंवा औषध बाहेर फेकतो आणि वाचतो. उष्णता मात्र त्याची सगळीच प्रोटीनं बिघडवते, तिथे ही युक्ती चालत नाही. आतपर्यंत ७४ अंश झाले की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय मरतात, रेझिस्टंट असोत नाहीतर नसोत. (काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं त्यांचं सुप्त रूप, शिजवूनही टिकतात, म्हणून उरलेला रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्ये टाका.)

मला झालं ते शिजलेल्या चिकनमुळे नाही, ज्या बोर्डवर चिकन कापलं त्याच्यावरच काकडी चिरली आणि कोशिंबीर केली, बहुतेक त्यामुळे. ताप, जुलाब, आणि मी मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी आणून घेतली, तीन दिवस फरक शून्य. मग स्टूल कल्चर (शौचाच्या नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणं) केलं तर साल्मोनेला निघाला आणि सिप्रोच्या पुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट.

असे जंतू कोंबडीत कुठून येतात हे अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही या संशोधकांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं. फार्मवरच्या कोंबड्यांना खाद्यातून टेट्रासायक्लिन गटातलं औषध दिलं, थोड्याच दिवसांत त्यांच्या आतड्यातले जंतू रेझिस्टंट झाले आणि काही महिन्यांत तिथे राहणाऱ्या माणसांच्या आतड्यातही तसेच जंतू वाढले. पुढे २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत आणि विकायला ठेवलेल्या मांसात एमसीआर-१ हा जीन सापडला, जो कोलिस्टिन निकामी करतो, आणि कोलिस्टिन म्हणजे डॉक्टरांचं अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. त्यात हा जीन प्लास्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर) बसलेला, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा. भारताने २०१९ च्या जुलैमध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली, हे फार चांगलं झालं असं मला मनापासून वाटतं.

तर तुम्ही मांसाचा बोर्ड आणि सुरी वेगळी ठेवा. चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात, धुवायचंच तर पातेल्यात धुवा आणि नंतर सिंक साबणाने घासा. जुलाब झाले तर आधी ओआरएस सुरू करा, आणि ताप किंवा रक्त असेल तर मनाने गोळी न घेता डॉक्टरांकडे जा आणि पहिल्या डोसच्या आधीच कल्चरसाठी सँपल द्यायचं का ते विचारा, कारण गोळी घेतल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी होते.