बाहेरची स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेजची मदत कमी होते का?

अमेरिकेतल्या खासगी कॉलेजने तुमच्या मुलीला गरजेनुसार ग्रँट दिली आहे आणि आता बाहेरून ६,००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली आहे. तेवढा तुमचा खर्च वाचेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही वाचणार. माझ्या मुलाच्या वेळी मला हे उशिरा कळलं, म्हणून सांगते.

फॅफ्सा म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज. तो भरल्यावर एसएआय नावाचा आकडा येतो, म्हणजे मदत ठरवताना कुटुंब साधारण किती खर्च उचलू शकेल त्याचा अंदाज. कॉलेजच्या वर्षाच्या एकूण खर्चातून तो वजा केला की उरते ती तुमची गरज. गरजेवर मिळणाऱ्या सरकारी मदतीचा हिशोब करताना बाहेरची स्कॉलरशिपही धरावी लागते. बेरीज गरजेच्या वर गेली की काहीतरी कापावंच लागतं. पेल ग्रँटला (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी केंद्र सरकारची मदत) सहसा हात लागत नाही, पण स्वतःच्या ग्रँटचं काय करायचं हे कॉलेज ठरवतं, आणि खरा फरक तिथेच पडतो.

समजा खर्च ८२,००० आहे. पालकांचा वाटा ३८,०००, मुलीने काम करून आणायचे ४,०००, ग्रँट ४०,०००. चांगलं कॉलेज आधी मुलीचे ४,००० माफ करतं आणि उरलेले २,००० ग्रँटमधून घेतं. येलची पद्धत साधारण अशीच आहे. काही कॉलेजं मात्र सगळे ६,००० सरळ ग्रँटमधून काढतात. दोन्हीकडे तुमचे ३८,००० तसेच राहतात.

आमच्याकडे दुसरा प्रकार झाला. पोराने अख्खा हिवाळा निबंध लिहून मिळवलेले ४,००० ऑगस्टच्या बिलात ग्रँटमधून वजा! मला फार लागलं ते. मी फोन केला, मग सविस्तर ईमेल लिहिला, की आधी वर्क-स्टडी, म्हणजे त्याने काम करून आणायची रक्कम, कमी करा. २,५०० त्यांनी तिकडे वळवले. त्याचं कॅम्पसवरचं काम सुटलं आणि पहिलं सत्र अभ्यासाला मोकळं मिळालं.

म्हणून फायनान्शियल एड ऑफिसला आजच लेखी विचारा: ही रक्कम आधी कशातून कमी होईल? राज्याचा कायदाही बघा. मेरीलँडने सरकारी कॉलेजांसाठी २०१७ मध्येच अशी कपात रोखली. कॅलिफोर्नियात २०२३-२४ पासून पेलला पात्र मुलांच्या बाबतीत खासगी कॉलेजांवरही बंधन आहे.

स्कॉलरशिप लपवू मात्र नका, वर्षाच्या मध्ये कळली तर अचानक बिल येतं. त्यापेक्षा देणाऱ्या संस्थेला विचारा, रक्कम दोन-तीन वर्षांत विभागून देता येईल का. दरवर्षी २,००० आले तर ते मुलीच्या वाट्यातच मावतील आणि ग्रँट शाबूत राहण्याची शक्यता वाढेल.