व्हीटी स्टेशन चर्चसारखं का दिसतं?

तुम्ही विचारलंय की सीएसएमटी (म्हणजे जुनं व्हीटी), राजाबाई टॉवर, हायकोर्ट या इमारती चर्चसारख्या का दिसतात, आणि रेल्वे आणणाऱ्या ब्रिटिशांना इमारतींसाठी नवीन शैली का सुचली नाही.

सुचली होती की! १८५१ साली लंडनमध्ये लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, लोक थक्क झाले. पण ते प्रदर्शनापुरतं ठीक. कोर्ट, विद्यापीठ, सचिवालय अशा ठिकाणी भारदस्तपणा हवा, आणि भारदस्तपणा म्हणजे जुनं काहीतरी, हे तेव्हा सगळ्यांनी धरून चाललेलं. वाद एवढाच की कुठलं जुनं. १८३४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंट जळालं, तेव्हा नवी इमारत गॉथिक (मध्ययुगीन चर्चची, टोकदार कमानींची) किंवा एलिझाबेथकालीन (सोळाव्या शतकातली इंग्लिश) शैलीतच हवी अशी अटच घातली गेली. ग्रीक-रोमन खांब परके, गॉथिक आपलं आणि ख्रिस्ती, असा एकूण सूर.

मग रस्किन हा इंग्रज कला-समीक्षक आला. व्हेनिसच्या जुन्या इमारतींवर १८५१ ते १८५३ मध्ये त्याने तीन खंड लिहिले आणि इंग्लंडभर रंगीत दगडांच्या पट्ट्या नि टोकदार कमानी दिसू लागल्या. गंमत बघा, त्या व्हेनिसवर शतकानुशतकांच्या व्यापारामुळे कैरो-दमास्कसची छाप होतीच. म्हणजे ‘आपलं’ म्हणून जे उचललं त्यात पूर्वेकडचा माल आधीच भरलेला!

मुंबईत हे सगळं एकदम आलं, कारण जागा आणि पैसा दोन्ही एकाच दशकात मोकळे झाले. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली. तिकडे अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आभाळाला भिडले होते. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, पण तोवर कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला देणग्या दिल्या होत्या. टॉवरला नाव त्यांच्या आईचं, राजाबाईंचं.

तो टॉवर आणि शेजारचं सभागृह यांचे आराखडे इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनहून पाठवले. साहेबाने मुंबईत कधी पाऊल ठेवलं नाही. याच स्कॉटला लंडनच्या परराष्ट्र कार्यालयासाठी गॉथिक करायचं होतं. पंतप्रधान पामर्स्टनने साफ नकार दिला आणि त्याला मुकाट्याने इटालियन धाटणीची इमारत काढून द्यावी लागली. मुंबईत आडवं येणारा पामर्स्टन नव्हता.

पण न बघता काढलेलं चित्र इथे चाललं कसं? माझ्या मते उत्तर व्हेनिसमध्येच आहे. तिथल्या इमारतींना कमानींच्या लांब रांगा असतात, आणि मुंबईत अशी रांग म्हणजे आयता व्हरांडा. ऊन भिंतीपर्यंत येत नाही, पावसाची झड बाहेर राहते, वारा खेळतो. तेव्हा आजच्या ओव्हल मैदानाच्या पलीकडे थेट समुद्र होता. जुनं सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट एका ओळीत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहेत, ती उगाच नाही. इंग्लंडमधल्या बंदिस्त, थंडीसाठी बांधलेल्या गॉथिकची इथे भट्टी झाली असती.

व्हीटीचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स मात्र मुंबईत राहून काम करणारा. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचा प्रभाव उघड आहे: पुढे गॉथिक थाट, मागे गाड्यांसाठी शेड. रस्किनने मात्र १८४९ मध्येच बजावलं होतं की स्टेशनच्या नक्षीवर सोनं घालण्यापेक्षा ते रुळांच्या भरावात पुरलेलं बरं. त्याचं हे एक मत त्याच्या चाहत्यांनी सोयीस्करपणे विसरायचं ठरवलेलं दिसतं.

नक्षी घडवली जे.जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी, आणि इथे उसनी शैली खऱ्या अर्थाने इथली होते. पुढच्या वेळी तिकिटाच्या रांगेत उभे असाल तर मोबाईल खिशात टाका आणि खांबांच्या माथ्याकडे बघा, दगडी पानांत लपलेले प्राणी सापडतील. बाहेर मोर आहेत, माकडं आहेत. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांच्या गोल चौकटींत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत. फाटकाच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह, दुसऱ्यावर भारताचा वाघ.

उसनवारी उलट दिशेनेही चालली होती. इंग्लंडमधल्या ब्रायटनला वास्तुविशारद जॉन नॅशने राजपुत्रासाठी महाल वाढवला (१८१५ ते १८२२): बाहेरून हिंदुस्थानी घुमट, आत चिनी सजावट. त्याला हाताशी होती ती डॅनिएल काका-पुतण्यांची भारतातली चित्रं. पुढे संस्थानिकांसाठी इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी आणि युरोपीय वळणांची मिश्र शैली निघाली. कोल्हापूरचा न्यू पॅलेस चार्ल्स मँटचा, १८८४ चा. दगडकाम अव्वल, पण जैन मंदिराचं थोडं, राजवाड्याचं थोडं आणि वर घड्याळाचा मनोरा हे मिश्रण मला जुळवाजुळवच वाटतं. अनेकांना हे पटणार नाही, कोल्हापूरकरांना तर नाहीच.

व्हीटीसमोरच्या महापालिकेच्या इमारतीसाठी चिझम या वास्तुविशारदाने भारतीय वळणाचा आराखडा दिला होता. तो मागे पडला आणि काम स्टीव्हन्सला मिळालं. १८९३ मध्ये ती पूर्ण झाली आणि तिच्यावर चढला तो फुगीर, पूर्वेकडच्या वळणाचा घुमट. चौकात उभं राहून दोन्ही घुमट एकदा लागोपाठ बघा, माणूस एकच आहे.