आईला कवितेत नुसतं रडायला का बसवलंत?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र आणि सोबतची कविता मिळाली. वडील जाऊन चार वर्षं झाली, आई तुमच्याकडे असते. कवितेत वडील आसूड आहेत, आई सावली. वडील वणवा, आई ओलं फडकं. भाऊ म्हणतो, मेलेल्या माणसाची बदनामी केलीस. आईने कविता ऐकून एवढंच म्हटलं, "मी इतकी मऊ नव्हते गं." आणि तुम्ही विचारता की वडिलांबद्दल दोन चांगल्या ओळी घालून कविता दिवाळी अंकाला पाठवू का.

त्या दोन ओळी घालू नका. जे वडील तुम्ही पाहिलेच नाहीत ते केवळ भावाच्या समाधानासाठी रचायची गरज नाही. मारहाण झाली, तर ती कवितेत राहील. मला खटकली ती आई.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की वडील पिऊन आले की आई आतून कडी लावायची आणि उजाडेपर्यंत उघडायची नाही. तुमच्या फीचे पैसे तिने तूरडाळीच्या डब्यात लपवले आणि विचारल्यावर वडिलांच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलली. आणि एकदा उलथन्याने भावाला बडवलं, वळ उठेपर्यंत. यातलं काहीही कवितेत नाही. कवितेत ती फक्त पदराने डोळे पुसते! वडिलांचा क्रूरपणा उठून दिसावा म्हणून तुम्ही तिला पांढरी भिंत केलीत. माझ्या मते या कवितेत अन्याय झालाय तो तिच्यावर.

जात्यावर बसणाऱ्या बायांना हे नेमकं कळलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या चाळल्या तर नवऱ्याचा जाच सापडतो, त्याचं कौतुकही सापडतं. सीतेच्या वनवासावरची एक ओवी तुम्ही ऐकली असेल:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

गरोदर बायकोला रानात सोडणाऱ्या नवऱ्याबद्दल, तोही देव, आणि दळणारी बाई बेधडक असं गाते. पण सीतेची कीव केलेली नाही बघा. दोघांना तराजूत घातलंय आणि सीतेचं पारडं जड ठरवलंय. हिरा मऊ नसतो.

दुसरं उदाहरण सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंचं. कोवळ्या वयात वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालं. पुढे कथाकीर्तनाचा नाद लागला म्हणून नवऱ्याने मारलं, आणि ब्राह्मणाची बायको असून तुकोबांना गुरू मानलं याचाही त्याला राग. हे त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितलंय, आडपडदा न ठेवता. त्याच अभंगांत नवऱ्याचं आजारपण येतं, त्याचं मन पालटणं येतं, सगळ्यांचं देहूला जाणं येतं. बाईचा देह मिळाल्यावर परमार्थ साधायचा कसा, हा तडफडाटही येतो. आणि पतिसेवेची थोरवी सांगणारे अभंगही त्यांचेच. आज वाचताना ते मला पचत नाहीत, पण त्यांनी ते वगळून स्वतःला सोयीची नायिका केलं नाही, हे मानावं लागतं. (तुमचे वडील सुधारले नाहीत, तेव्हा तो भाग उसना घेऊ नका.)

आता भाऊ. तो वडिलांची बाजू घेतोय असं तुम्हाला वाटतं. पण त्याचं वाक्य तुम्हीच लिहून पाठवलंय: "ती तुझी आई असेल, माझी अशी नव्हती." हे उलथन्याचा मार खाल्लेला मुलगा बोलतोय. घरातला मार वरून खाली कसा उतरत गेला हे त्याला तुमच्याहून जास्त माहीत आहे. तुमच्या कवितेने त्याचा वाटा पुसून टाकला, म्हणून तो चिडलाय. निदान मला तरी तसंच दिसतं.

तेव्हा यंदाच्या अंकाचा नाद सोडा. आईजवळ बसा आणि कडी लावलेल्या त्या रात्रींबद्दल विचारा. आत तुम्ही मुलं होतात, बाहेर तो माणूस. तिच्या मनात काय चाललं होतं? ती सांगेल तेवढंच घ्या. उलथन्याचा प्रसंग लिहायचा असेल तर तिची परवानगी हवी, भावाचीही. वडील गेले, पण ही दोघं उद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड देणार आहेत. आई नको म्हणाली तर ती कविता वहीत राहू द्या, त्याने कवितेची किंमत कमी होत नाही.

आणि नवा खर्डा भावाला व्हॉट्सॲपवर ढकलू नका. फोन करा, आणि कवितेचा विषय आधी त्याला काढू द्या.

तुमची,
माई