एफडी, पतसंस्था की थोडी कळ? फैजपूरच्या सरांच्या कॅमेऱ्याचा हिशोब

प्रश्न असा आहे: "वय ३६, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. फैजपूरला राहतो, शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. पतसंस्थेचा हप्ता कापून हातात ५८,००० येतात. घरखर्च ३४,०००, एसआयपी ५,०००, विमा आणि मुलीची फी महिन्याला ६,००० पडते. शिल्लक १३,०००. एफडी २,४०,०००. फुजीफिल्मचा एक्स १०० व्हीआय हा कॅमेरा मनात भरलाय. दुकानदार १,६०,००० सांगतो. रोज खिशात-दप्तरात ठेवायला, दिसायला देखणा आणि धूळ-पावसाला न घाबरणारा असा हवा आहे. एफडी मोडू, बारा महिन्यांचे नो कॉस्ट हप्ते करू की पतसंस्थेचं १२ टक्क्यांचं कर्ज काढू? मेहुणा म्हणतो, त्याच्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर बिल केलं तर वाचतील. लग्नाच्या ऑर्डरी घेऊन पैसे फिटतील असंही वाटतं."

सर,

मी आधी कॅमेऱ्याचा भाग सोडला आणि हिशोब वाचला. पैशाचा सल्ला देणाऱ्या आमच्या धंद्याची ती खोड आहे. त्या हिशोबात एक आकडा नाही. पत्राच्या पार शेवटी, दुसऱ्याच बोलण्याच्या ओघात, तुम्ही लिहिता की वडिलांच्या दोन एकर केळीला वर्षाकाठी साठेक हजार तुम्ही लावता आणि "बाग निघाली की ते परत येतात". कधी येतात, कधी येत नाहीत. बऱ्याचदा ते पुढच्या बागेच्या रोपांत आणि ठिबकच्या नळ्यांत जातात. वर्षाचे ६०,००० म्हणजे महिन्याचे ५,०००. तेव्हा तुमची शिल्लक १३,००० नसून ८,००० आहे. बाकी सगळं उत्तर याच एका ओळीवर उभं आहे.

नोकरदार मुलाच्या हिशोबात शेतीचा खर्च कधी दिसतच नाही. जळगाव जिल्ह्यातली माझी निम्मी गिऱ्हाईकं अशीच आहेत. पगाराचा कागद वेगळा, बागेची वही वेगळी, आणि दोन्हींच्या मधला पैसा कुठल्याच कागदावर नाही.

आता एफडी. तुमचा महिन्याचा खर्च ४०,००० धरला तर २,४०,००० म्हणजे बरोबर सहा महिने. त्यातून कॅमेरा घेतला की उरतात ८०,०००, म्हणजे दोन महिने. मुदतीआधी मोडल्यावर बँक अर्धा-एक टक्का व्याज कापते, त्याची मला फिकीर नाही. मला काळजी मे-जूनच्या वादळी वाऱ्याची आहे. घड लागलेली बाग एका संध्याकाळी आडवी होते, हे रावेर-यावलच्या माणसाला मी सांगायला नको. सीएमव्ही हा केळीचा विषाणूजन्य रोग आला तर रोपं उपटून पुन्हा लागवड करावी लागते. हवामानावर आधारित फळपीक विमा वडिलांनी काढला असेलच. पण तो मुख्यतः महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो, दर वेळी तुमच्या बांधावरचं नुकसान पाहून नाही. शिवाय पैसा येतो तोही उशिरा.

दुसरं, तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा वेगळा उल्लेख नाही. शिक्षकांना वैद्यकीय प्रतिपूर्ती मिळते, हे खरं. पण दवाखान्याचं बिल आधी तुम्ही भरायचं, मग कागद वर जायचे, मंजुरी यायची आणि त्यानंतर पैसे. मधले ते महिने कोण भरून काढतं? हीच एफडी. म्हणून तिला हात लावायचा नाही. इथे माझं मत पक्कं आहे.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचं नाही. वस्तू चांगली आहे. वरची पट्टी चांदीसारखी, बोटांनी फिरवायच्या चकत्या, जुन्या रोलच्या कॅमेऱ्याचा थाट. वडिलांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री आमच्याकडे होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे आणि श्रावणातल्या कानबाईच्या रोटांपासून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यापर्यंत सगळा वर्षाचा संसार त्या बारांत बसवावा लागायचा. त्यामुळे हातात धरावासा वाटणाऱ्या कॅमेऱ्याचं वेड मला कळतं. ४०.२ मेगापिक्सेल, हात हलला तरी सावरणारी यंत्रणा, एकच पक्की लेन्स. बॅटरी-कार्डासकट वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे "खिशात" हा शब्द खोडून टाका. दप्तरातच राहील.

पण धूळ-पाऊस? यासाठीच तुम्ही जास्त पैसे मोजताय, म्हणून नीट वाचा. हा कॅमेरा डब्यातून काढला तसा धूळ-पाण्याला पुरा पडत नाही. लेन्सवर कंपनीची वेगळी अ‍ॅडॉप्टर रिंग आणि ४९ मिलिमीटरचा संरक्षक फिल्टर बसवल्यावरच ती लेन्सकडची फट बंद होते. या दोन्ही गोष्टी डब्यात येत नाहीत. त्या, एक जादा बॅटरी, कार्ड आणि बरी पिशवी धरून दहा-पंधरा हजार वर ठेवा. म्हणजे कॅमेरा एक साठचा नाही, एक पंचाहत्तरचा. आणि इतकं करूनही तो भुरभुर पावसाचा सोबती आहे. मनुदेवीच्या धबधब्याखाली धरायचा नाही. पाणी शिरलं तर वॉरंटी सहसा हात वर करते. घरगुती विमा पॉलिसीत अशा वस्तूसाठी वेगळं संरक्षण जोडून मिळतं, ते दुकानदाराच्या "एक्स्टेंडेड वॉरंटी"पेक्षा कामाचं. अर्थात पडणं, पाणी आणि चोरी, तिन्ही त्यात आहेत का हे वाचूनच सही करा.

शिवाय आपल्या भागात पाऊस हा कॅमेऱ्याचा मुख्य शत्रू नाहीच. तो चार महिन्यांचा पाहुणा, आणि त्यातही उघडीप जास्त. धूळ बारा महिने आहे आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. कंपन्या अशा उपकरणांच्या वापराची मर्यादा साधारण ४० अंशांपर्यंत सांगतात. दुपारी मोटरसायकलच्या डिकीत ठेवलेल्या कॅमेऱ्याला कुठलीही रिंग वाचवत नाही. तुम्ही ज्या संरक्षणासाठी पैसे देताय, त्यातलं निम्मं काम रुमाल, बंद पिशवी आणि सावली करतात.

खरंच पाण्यात बुडवायचा असेल तर ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ आहे. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो. पण त्याचा सेन्सर बारीक आहे, संध्याकाळच्या उजेडात तुमच्या फोनपेक्षा फार काही देणार नाही. आणि देखणा तर अजिबात नाही. तुम्हाला तो नकोय हे पत्रावरूनच दिसतं.

आता पैशाच्या वाटा.

"नो कॉस्ट" हप्ता बारा महिने, १३,३३३ रुपये. तुमच्या कागदावरची शिल्लक १३,०००, म्हणजे तिथेच तो बसत नाही. खऱ्या ८,०००त तर प्रश्नच मिटला. दुकानदार म्हणेल, "घ्या भो, व्याज तर लागतच नाही!" शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी कळवलं होतं. होतं काय, तर व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात आणि तेच व्याज हप्त्यातून घेतात. १५ टक्के दर धरला तर तुमच्या व्यवहारात ते सुमारे १२,३०० रुपये भरतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, साधारण २,२०० रुपये, तुमच्या खात्यातून वेगळे जातात, वर प्रोसेसिंग फी. आणि रोख देणाऱ्याला जी सूट मागता आली असती, ती तुम्ही मागूच शकत नाही. हा शेवटचा तोटा सगळ्यात मोठा असतो आणि कुठल्याच पावतीवर दिसत नाही. एक हप्ता चुकला तर क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं.

पतसंस्थेचा मोह जास्त वाईट, कारण तो परवडल्यासारखा दिसतो. १,६०,००० तीन वर्षांसाठी, हप्ता सुमारे ५,३००. तुमच्या आठ हजारांत आरामात बसतो. तीन वर्षांत व्याज ३१,००० वर जातं, हा एक भाग. दुसरा भाग असा की पहिला हप्ता आधीच पगारातून कापला जातोय. दुसरा लागला की बाग आडवी होईल त्या वर्षी वडिलांसाठी तिसरं कर्ज काढायला तुमच्या पगारात जागा उरणार नाही. पतसंस्थेची पत ही त्या दिवसासाठी राखायची असते. हौसेसाठी ती वापरली की सावकाराचा दरवाजा जवळ येतो.

मेहुण्याची युक्ती विसरा. १,६०,०००त जीएसटीचे साधारण २४,४०० रुपये आहेत, म्हणून आकडा गोड लागतो. पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूचंच मिळतं. मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानाने कॅमेरा घेतला आणि तो शाळेच्या दप्तरात सापडला, तर ती चोरी आहे. तपासणीत क्रेडिट व्याजासकट परत जाईल, दंड वेगळा. शिवाय बिल दुकानाच्या नावावर, मग विम्याचा दावा करताना कॅमेरा कुणाचा? बहिणीच्या घरात वाद लावायला चोवीस हजार फार थोडे आहेत.

लग्नाच्या ऑर्डरींचं म्हणाल तर या कॅमेऱ्याची लेन्स बदलत नाही, झूम नाही. हळद लागताना दूर उभं राहून नवरीचा चेहरा टिपता येत नाही. सोबत दुसरा कॅमेरा, फ्लॅश, मदतनीस हवा, म्हणजे आणखी खर्च. आणि १९६७ च्या जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियमांत परवानगीशिवाय खासगी धंदा बसत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. हौसेला उत्पन्नाचं लेबल लावलं की आपण हिशोब सैल करतो, एवढंच त्यातून होतं. हौस म्हणून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ता. क. मध्ये तुम्ही विचारलंय की इन्स्टाग्रामवर कुणीतरी जुना ऑलिंपस म्यू डिजिटल ७,५०० ला देतोय, तोही "वेदरप्रूफ" लिहिलेला, तोवर तो घेऊ का. २००३ च्या सुमाराला या म्यू डिजिटलचे पहिले कॅमेरे आले, तेव्हा ते उडत्या पाण्याला तोंड देत, ही गोष्ट खरी. पण वीस वर्षांत त्याच्या आतलं रबर तसंच राहिलं असेल का? शिवाय त्यात एसडी कार्ड चालत नाही, एक्सडी नावाचं कार्ड लागतं. ते आता बनत नाही आणि जास्तीत जास्त २ जीबीचंच निघालं. जुनं कार्ड शोधताना आणि ते वाचणारा रीडर घेताना साडेसात हजाराचे दहा होतात. ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदाच विकला, २०२१ पासून तो ओएम नावाने चालतो, दुरुस्तीला कोणाकडे नेणार? कार्ड, चार्जर, बॅटरी सगळं सोबत असेल आणि समोर चालवून दाखवला, तर अडीच-तीन हजारांत मौज म्हणून घ्या. साडेसातला नाही.

मग काय करायचं? ८,००० पैकी ६,००० ची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, पगाराच्या दुसऱ्या दिवसाला लावा. २,००० मोकळे राहू द्या, आखाजीला बहीण माहेरी येते, खर्च होतोच. साडेसहा टक्के धरले तर चोवीस महिन्यांत १,५४,००० च्या आसपास जमतात, एक पंचाहत्तरला आणखी तीनेक हप्ते लागतील. महागाई भत्त्याचा फरक एकरकमी आला तर तो यात टाका, महिने कमी होतील. एकच अट. बाग पडली किंवा दवाखाना लागला तर आधी ही आरडी मोडायची, एफडी नंतर. म्हणजे कॅमेरा लांबेल, घर अडणार नाही.

दोन वर्षं जास्त वाटतात, मान्य. पण या मालिकेत २०१७, २०२० आणि २०२४ ला नवं मॉडेल आलंय. तुमचे पैसे जमेपर्यंत पुढचं येण्याची वेळ झालेली असेल, आणि आजचाच कॅमेरा नवं घेणाऱ्या कुणाच्या हातचा वापरलेला मिळू शकेल. खात्री देत नाही. याच्या आधीच्या एक्स १०० व्ही ची इतकी टंचाई झाली होती की लोकांनी वापरलेला नव्याच्या किमतीच्या वर विकला. वापरलेला घेतलात तर मूळ बिल आणि भारतातली वॉरंटी पाहूनच घ्या. दुबईहून बिनबिलाचा आणून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

तोपर्यंत एक काम फुकटात होतं. फोनला एकच मर्यादा घाला. झूम करायचा नाही, नेहमीच्या लेन्सनेच काढायचं. शाळेच्या वाटेवरची पावरा-तडवी पाड्यांतली सकाळ, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, केळीचे ट्रक भरताना, मुलगी. आठवड्याला पाच फोटो ठेवा, बाकी पुसा. (शाळेतल्या मुलांचे असतील तर पालकांना विचारून, आणि बाहेर टाकू नका.) सहा महिन्यांनी ते सव्वाशे-दीडशे फोटो समोर पसरून बसा. पसरायला मजा आली तर आरडी चालू ठेवा. तोवर कंटाळा आला असेल तर चोवीसऐवजी फार तर सहाच हप्ते भरलेले असतील आणि ते तुमचेच आहेत.

आणि पतसंस्थेचा फॉर्म भरून दिलाय असं तुम्ही लिहिलंय. सोमवारी जाऊन तो परत घ्या. ज्या दोन सहकाऱ्यांना जामीनदार म्हणून सह्या करायला लावल्यात, त्यांनाही त्याच दिवशी फोन करून सांगा. त्यांचीही पत तिथे अडकलेली असते.