स्तनवर्धन शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात कामावर जाता येते का? घरच्यांना न सांगता ती करता येते का?

आपण २९ वर्षांच्या आहात, आठवड्याभराचीच रजा मिळणार आहे आणि घरी कोणाला कळू द्यायचे नाही, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मी तीन वर्षांपूर्वी, ३४व्या वर्षी, पुण्यात ही शस्त्रक्रिया करून घेतली. कार्यालयातले बैठे काम मला दहाव्या दिवशी सुरू करता आले; घरातली सगळी कामे निर्धास्तपणे करायला मात्र सहा आठवडे जावे लागले. आणि घरात एकालाही विश्वासात न घेता हे करू नका, असे मी आपल्याला कळकळीने सांगेन.

माझा उजवा स्तन वयात आल्यापासूनच डाव्यापेक्षा बराच लहान होता. ब्लाउज शिवायला टाकताना उजव्या बाजूला जाड कप लावायला सांगावे लागे, आणि ते सांगण्याआधी दुकानात दुसरे कोणी नाही ना, हे मी पाहून घेत असे. त्यामुळे मला उजवीकडे ३०० सीसीचे आणि डावीकडे २०० सीसीचे, असे दोन वेगवेगळ्या मापांचे सिलिकॉन इम्प्लांट, म्हणजे स्तनाला आकार देण्यासाठी आत बसवायच्या जेलभरल्या पिशव्या, बसवले गेले.

मी आधी ज्या दवाखान्यात गेले होते, तिथे इम्प्लांट आयुष्यभर टिकते असे सांगून त्याच आठवड्यात पैसे भरल्यास सवलत देऊ केली गेली. हे खरे नाही. इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसते. वर्षे उलटतात तशी ते फाटण्याची किंवा त्याभोवती शरीराने तयार केलेले वेष्टन आवळून कडक होण्याची शक्यता वाढत जाते, आणि पुढे कधी तरी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल हे धरूनच निर्णय घ्यावा लागतो. आरोग्य विमा सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाही, तेव्हा त्या दुसऱ्या खेपेचे पैसेही आपलेच. नंतर मी ज्यांच्याकडे गेले, त्या प्लास्टिक सर्जरीत एमसीएच ही विशेष पदवी घेतलेल्या डॉक्टरांनी तासभर बसवून हे सगळे समजावले. २०१९च्या जुलैमध्ये ॲलरगन कंपनीने आपले खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांच्याभोवतीच्या वेष्टनात लिम्फोमा हा एक दुर्मीळ कर्करोग होण्याचा धोका जास्त दिसला होता. म्हणून आपण गुळगुळीत पृष्ठभागाचेच इम्प्लांट वापरतो, हेही माझ्या डॉक्टरांनी मी न विचारता सांगितले. आपणही पृष्ठभाग कोणता, हे आवर्जून विचारा, आणि घरी येताना कंपनी, माप व अनुक्रमांक छापलेले इम्प्लांटचे कार्ड मागून घ्या.

शस्त्रक्रियेआधी रक्त, ईसीजी आणि स्तनांची सोनोग्राफी झाली, भूलतज्ज्ञांनी तपासून फिटनेस दिला. पूर्ण भूल देऊन स्तनाखालच्या घडीत छेद घेतला आणि इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवले. याला सुमारे दोन तास लागले. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कोणी पाटा ठेवला आहे असे वाटत होते. तीक्ष्ण कळ नव्हती, पण खोल श्वास घेववत नव्हता. दुसऱ्या दिवशी घरी सोडले.

पहिल्या आठवड्यात वेदनेपेक्षा हातांनी मला जास्त अडवले, आणि हे मला आधी कोणी नीट सांगितले नव्हते. इम्प्लांट ज्या स्नायूखाली असते, तोच स्नायू हात रेटताना आणि उचलताना कामाला लागतो. त्यामुळे कुकरचे झाकण लावता येत नव्हते, अंघोळीचा तांब्या खांद्यापर्यंत नेता येत नव्हता आणि पाठीमागे तीन उशा लावून झोपल्यावर उठताना हातांचा आधार घेण्याची सोय नव्हती. माझ्या यजमानांनी सासूबाईंना ‘गाठ काढली’ असे सांगू या, असे सुचवले होते. मी नको म्हटले, कारण गाठ म्हटल्यावर त्या कर्करोगाच्या धास्तीने खचल्या असत्या आणि चार नातेवाइकांचे फोन सुरू झाले असते. खरे ऐकून त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मान खाली घालून एका हाताने केसांचा गुंता सोडवत होते, तेव्हा त्या तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन मागे येऊन बसल्या, आणि पुढचे बारा दिवस माझी वेणी त्यांनीच घातली. आपल्या घरी असेच होईल असे मी म्हणणार नाही. आईला सांगणे जड वाटत असेल तर बहिणीला किंवा खोलीतल्या मैत्रिणीला सांगा, पण कोणी तरी जवळ हवेच.

पाचव्या-सहाव्या दिवशी आरशात पाहिले तेव्हा मला रडू आले. दोन्ही बाजू सुजलेल्या, ताणलेल्या आणि नको तितक्या वर चढलेल्या दिसत होत्या. त्या हळूहळू खाली उतरून मऊ होतात. मला अंतिम आकार दिसायला जवळजवळ पाच महिने लागले, तेव्हा पहिल्या महिन्यात निकालाचा अंदाज बांधू नका. डाव्या स्तनाग्राची बधिरता सात महिन्यांत गेली, उजवीकडे एका भागात अजूनही स्पर्श कमी जाणवतो. मात्र एकच बाजू अचानक फुगून घट्ट झाली, ताप आला, लाली पसरली किंवा छेदातून पाणी येऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा.

दुचाकी मी चार आठवड्यांनंतर चालवली, आणि पहिल्याच गतिरोधकाच्या हादऱ्याने आणखी आठवडाभर थांबायला हवे होते हे कळले. कणीक मळणे आणि भरलेली बादली उचलणे सहा आठवड्यांनी सुरू केले. तोवर डॉक्टरांनी दिलेली आधाराची ब्रा रात्रंदिवस घालावी लागली.

आपल्याला पुढे मूल हवे असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. स्तनाखालच्या छेदाने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अनेक जणींना अंगावर पाजता येते, पण तशी हमी कोणी देऊ शकत नाही. पुढे मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीला, जाल तेव्हा इम्प्लांट असल्याचे आधी सांगावे लागते, कारण त्या वेळी ते मागे सरकवून वेगळे फोटो काढतात. सिलिकॉन इम्प्लांट आत फाटले तरी बाहेरून कळेलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते.

रजा दोन आठवड्यांची मिळत नसेल, तर मिळेल तेव्हाच तारीख घ्या. आणि समोरून उघडणारे तीन-चार सुती गाऊन आधीच धुऊन, हात वर न करता घेता येतील अशा कप्प्यात ठेवा.