मोठे टायर बसवले, आता डिफरन्शियलचा रेशो कोणता?

पिकअप आणि फोर-बाय-फोर गाड्यांना कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवल्यावर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली, शाफ्टचे फेरे चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) बदलायचं का आणि कोणत्या रेशोचं (शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं) घ्यायचं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या पेट्रोल पिकअपला २६५/७० आर १७ चे टायर आणि ३.७३ चा रेशो होता. आता ३५ इंची टायर घातले आहेत. गिअरबॉक्स सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. सहावा गिअर टिकतच नाही. जरासा चढ आला की गाडी पाचव्यात, मग चौथ्यात उतरते. टायरवाल्याच्या तक्त्यात ४.१० लिहिलंय, मित्र ४.५६ घे म्हणतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : मित्रांचं ऐका. तक्ता खोटा नाही, पण तो अर्ध्यावर थांबतो.

आधी जुन्या टायरचा व्यास काढू. २६५ चे ७० टक्के म्हणजे १८५.५ मिमी, ही टायरच्या एका बाजूची उंची. दोन्ही बाजूंचे ३७१ मिमी आणि १७ इंची रिमचे ४३१.८ मिमी मिळून ८०२.८ मिमी, म्हणजे ३१.६ इंच. जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास : ३.७३ × ३५ ÷ ३१.६ = ४.१३. तक्त्यातलं ४.१० इथून येतं. एवढ्याने इंजिनचे फेरे जवळपास मूळ जागी येतात, आणि तेही किंचित कमीच.

पण ३५ इंची टायर फक्त उंच नसतो. तो जड असतो, आणि ते वजन अक्षापासून लांब, परिघावर असतं. त्यामुळे वेग घेताना आणि ब्रेक मारताना ते जास्त जाणवतं. टायर रुंद, गाडी उचललेली, त्यामुळे वाऱ्याचा अडथळाही वाढतो. हा भार कोणत्याच तक्त्यात धरलेला नसतो. म्हणून बरोबरीच्या रेशोच्या वरची पायरी घ्यावी, असं आमचं मत आहे.

आता फेरे तपासा, कारण खरा निर्णय तिथेच होतो. सूत्र असं : ताशी किलोमीटर × एक्सलचा रेशो × टॉप गिअरचा रेशो × २०९ ÷ टायरचा व्यास इंचांत. तुमच्या गिअरबॉक्सचा सहावा गिअर ०.६९ धरला तर ताशी १०० किमीला मूळ टायरवर इंजिन सुमारे १७०० फेऱ्यांवर चालत होतं. आज ते १५४० च्या आसपास आहे. एवढ्या खाली पेट्रोल इंजिनात ओढच नसते, म्हणून गिअरबॉक्स सारखा खाली उतरतो. ४.१० घातल्यास १६९०, ४.५६ ला १८८० आणि ४.८८ ला २०१० फेरे होतील. तुम्ही बहुतेक वेळ १०० ते १२० च्या दरम्यान चालवत असाल तर ४.५६ नेमका बसतो; १२० लाही इंजिन २२५५ वरच राहील. ट्रेलर ओढायचा असेल किंवा सतत घाट चढायचे असतील, तर ४.८८ चा विचार करायला हरकत नाही.

हे उत्तर तुमच्या गिअरबॉक्सपुरतंच आहे. ज्या जुन्या गाडीत टॉप गिअर १.०० चा आहे, तिथे याच टायरवर ४.५६ घातला तर १०० किमीला २७०० च्या वर फेरे होतील आणि लांबच्या प्रवासात इंजिन ओरडत राहील. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीतला रेशो उचलून आपल्या गाडीत घालू नका. आपल्या टॉप गिअरचा आकडा मॅन्युअलमध्ये शोधा आणि हिशेब करा.

दिरंगाई मात्र करू नका. वारंवार गिअर बदलताना टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक सुटतं, तेल गरम होतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णताच आहे. काम होईपर्यंत चढावर हाताने एक गिअर खाली ठेवून चालवा.

प्रश्न : डिझेल पिकअप, टायर ३१.६ वरून ३३ इंचांचे केले. रेशो बदलावा का?

उत्तर : नको. वाढ साडेचार टक्क्यांच्या आत आहे आणि डिझेलची ओढ खालच्या फेऱ्यांतच असते. फरक साधारण आठ-दहा टक्क्यांच्या पुढे गेला, किंवा गाडी ओढताना दम खायला लागली, की मग हात घालावा. तोवर स्पीडोमीटर दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : गाडी सेकंडहँड घेतली आहे. आत कोणता रेशो आहे हे हाउसिंग (डिफरन्शियलची बाहेरची पेटी) न उघडता कसं कळेल? आणि खर्च वाचवण्यासाठी आधी फक्त मागचा एक्सल बदलला तर चालेल का?

उत्तर : हाउसिंगच्या कव्हरवर बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असेल तर तिच्यावर रेशो किंवा दात्यांची संख्या लिहिलेली असते. पण आधीच्या मालकाने आतलं क्राउन-पिनियन बदललं असेल, तर ती पट्टी जुनीच सांगेल. म्हणून मोजून घ्या.

साध्या, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा) नसलेल्या डिफरन्शियलसाठी : पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. गिअरबॉक्स न्यूट्रलला, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) टू-व्हीलवर. मागचं एकच चाक जॅकने उचला, एक्सलखाली स्टँड द्या, मगच हँडब्रेक सोडा. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे २० फेऱ्यांत डिफरन्शियलचा कॅरिअर (क्राउन ज्याला बोल्टने बसतं तो फिरणारा सांगाडा) १० वेळा फिरतो. शाफ्ट ३७ आणि थोडा वर फिरला तर ३.७३, बरोबर ४१ फिरला तर ४.१०. दोनच फेऱ्यांवर मोजलं तर ३.५५ आणि ३.७३ मध्ये गफलत होते, म्हणून २०.

अर्ध्या बदलाबद्दल : फोर-व्हील कधीही लावणार असाल तर अजिबात नाही. फोर-व्हीलमध्ये पार्ट-टाइम ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. पुढे ३.७३ आणि मागे ४.५६ असेल तर मागची चाकं १०० मीटर जातात तेवढ्यात पुढची १२२ मीटर जायला बघतात. हा २२ मीटरचा झगडा टायर घासून, ट्रान्सफर केसमधली साखळी ताणून किंवा युनिव्हर्सल जॉइंट मोडून संपतो. दोन्ही एक्सल एकाच वेळी उघडा. जमत नसेल तर मधल्या काळात पुढचा शाफ्ट काढून ठेवा आणि गाडी टू-व्हीलवरच चालवा.

पुढे-मागे ४.१० आणि ४.०९ अशी जोडी दिसली तर घाबरू नका. एकात क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतात, दुसऱ्यात ४५ आणि ११. दोन वेगळ्या मापांच्या एक्सलवर दात्यांचा हिशेब तंतोतंत जुळत नाही, आणि पाव टक्क्याचा फरक टायरच्या झिजेतच मावतो.

प्रश्न : डाना ४४ या मॉडेलच्या एक्सलमध्ये ३.७३ काढून ४.५६ घालायचं ठरवलं. मेकॅनिक म्हणतो कॅरिअरही बदलावा लागेल. तो उगाच भाग वाढवतोय का?

उत्तर : नाही, तो बरोबर सांगतोय. रेशोचा आकडा वाढतो तसे पिनियनचे दाते कमी होतात आणि त्याचं डोकं लहान होतं. क्राउन त्याच्यापर्यंत पोचायचं तर ते पिनियनच्या दिशेने सरकलं पाहिजे, आणि ती जागा कॅरिअरच्या फ्लँजवर ठरते. प्रचलित डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.९२ पासून पुढे दुसरा लागतो. डाना ३० मध्ये ही सीमा ३.५४ आणि ३.७३ च्या मध्ये आहे, डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ च्या मध्ये.

जुनाच कॅरिअर ठेवायचा असेल तर मुद्दाम जाड केलेलं क्राउन मिळतं. ते चालतं. पण पुढे कधी लॉकर बसवायचा विचार असेल, तर तो आत्ताच, नव्या रेशोच्या मापाचा घ्या. लॉकर स्वतःच कॅरिअरच्या जागी बसतो; नंतर बसवायचा तर बेअरिंग काढणं, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) मोजणं, सगळी जुळणी पुन्हा करावी लागेल.

प्रश्न : नवीन ४.८८ बसवून घेतले. ७० ते ९० च्या वेगात अॅक्सिलरेटर दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, पाय सोडला की थांबतो. 'गिअर बसले की जाईल' असं गॅरेजवाला म्हणतो.

उत्तर : जाणार नाही. नव्या क्राउन-पिनियनचा आवाज चालवून कमी होत नाही, वाढतोच. ओढताना येणारा आणि पाय सोडल्यावर जाणारा आवाज बहुतेक वेळा पिनियनची खोली (ते क्राउनकडे किती आत बसलंय) चुकल्याचं लक्षण असतो. फक्त पाय सोडल्यावर घरघर असती तर पिनियन बेअरिंग सैल राहिल्याचा संशय आधी घेतला असता. वेग कोणताही असो, सतत गुरगुर येत असेल तर बेअरिंग पाहावं. फक्त वळताना येत असेल तर आतले स्पायडर गिअर (कॅरिअरमधले छोटे गिअर) किंवा लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक मोकळं घसरू न देणाऱ्या डिफरन्शियलच्या) क्लच प्लेटा.

कव्हर उघडायला लावा आणि पुढच्या गोष्टी तुमच्यासमोर मोजायला सांगा. कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला याचा राग येणार नाही.

पहिली, बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दात्यांमधली मोकळीक. डायल गेज क्राउनच्या दात्याला लंब लावून, पिनियन घट्ट धरून क्राउन हलवायचं. बहुतेक सेटना ०.१५ ते ०.२५ मिमी सांगितलेलं असतं. सेटसोबत आलेल्या कागदावरचा आकडा अंतिम. क्राउन फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर क्राउन वाकडं बसलंय : फ्लँजवर कचरा किंवा बर (धातूची उभी राहिलेली कड) राहिली, नाहीतर बोल्ट समोरासमोर थोडे थोडे न आवळता एकाच बाजूने आवळले गेले.

दुसरी, दात्यांवरचा ठसा. तीन-चार दात्यांना मार्किंग पेस्ट लावायची, क्राउनला लाकडाने किंवा फडक्याने थोडा अडथळा द्यायचा आणि दोन्ही दिशांना फिरवायचं. ठसा दात्याच्या उंचीच्या मधोमध हवा. तो मुळाकडे घसरला असेल तर पिनियन फार आत गेलंय, टोकाकडे चढला असेल तर पिनियन मागे राहिलंय. इलाज पिनियनच्या शिमचा आहे, बाजूच्या शिमचा नाही. बॅकलॅश बदलून ठसा थोडा सरकतो, म्हणून अनेक जण तिथेच खेळत बसतात आणि खोलीची चूक तशीच राहते. शिम ०.०५ ते ०.१० मिमीच्या टप्प्याने बदलावी. दर वेळी बॅकलॅश पुन्हा जुळवावा आणि मगच ठसा घ्यावा. कंटाळवाणं काम आहे, पण गिअरचं सगळं आयुष्य त्यावर अवलंबून असतं.

तिसरी, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला ताण. नव्या बेअरिंगला, ऑइल सील न लावता, पिनियन फिरवत ठेवायला सर्वसाधारणपणे १.७ ते ३.४ न्यूटन-मीटर जोर लागायला हवा. वापरलेल्या बेअरिंगला त्याच्या निम्म्याच्या आसपास. क्रश स्लीव्ह (नट आवळताना चेपून ताण ठरवणारी नळी) असेल तर नट शेवटी अगदी तसूतसू आवळायचा आणि दर वेळी मोजायचं. एकदा जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही. स्लीव्ह चेपली ती चेपली; नवीनच घालावी लागते.

प्रश्न : नवे गिअर बसवल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघालो तर?

उत्तर : निघू नका. नवे दाते एकमेकांवर घासून जुळतात आणि त्या वेळी खूप उष्णता निघते. पहिल्यांदा २५-३० किलोमीटर सौम्य चालवा, वेग कमीजास्त करत, आणि मग अर्धा-पाऊण तास गाडी पूर्ण थंड होऊ द्या. पहिल्या दिवसांत असं दोन-तीन वेळा करा. ८०० किलोमीटर होईपर्यंत ट्रेलर ओढू नका, सलग जास्त वेगात राहू नका. त्यानंतर तेल बदला. त्यात बारीक धातूचा चुरा दिसेल, तो ठीक आहे. कपच्या दिसल्या तर गाडी थांबवा. तेल जीएल-५ प्रतीचंच हवं. क्लच प्लेटांचं लिमिटेड स्लिप असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण जुळवणारं तेलातलं द्रव्य) घालायला विसरू नका, नाहीतर वळताना गाडी अडखळत थरथरेल.

प्रश्न : टायर आणि रेशो दोन्ही बदलले. स्पीडोमीटर आता बरोबर दाखवेल ना?

उत्तर : सेन्सर कुठे आहे त्यावर आहे. तो गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या आउटपुटवर असेल, तर टायर आणि रेशो दोन्ही मोजले जातात. तुमचा रेशो टायरच्या प्रमाणात वाढला असेल तर फरक किरकोळ राहील; एक पायरी वर गेला असाल तर काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल. वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून घेतला जात असेल तर रेशोचा काहीच संबंध नाही, टायरचा मात्र पूर्ण आहे : ३१.६ चा ३५ झाला की काटा १०० दाखवताना गाडी ११० च्या पुढे असते, आणि ओडोमीटरही तेवढाच कमी मोजतो.

नव्या गाड्यांत संगणकाला टायरचा घेर आणि रेशो दोन्ही भरून द्यावे लागतात, कारण गिअर कधी बदलायचा हेही तो त्यावरूनच ठरवतो. घेर टायरवरच्या छापील आकड्यावरून काढू नका. हवा नेहमीच्या दाबाची ठेवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारा, गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच फेरे होऊ द्या, अंतर मोजून पाचने भागा. गाडीच्या भाराखाली ३५ इंची टायर ३५ इंच भरत नाही, आणि संगणकाला मोजलेला आकडाच द्यायचा.